आडव्या पडद्यावर उभी माणसं

हौशी: नव्या मॉनिटरवर कंपनीने दिलेला देखावा फार दिवस ठेवू नये, तिथे आपली माणसं हवीत, असं माझं मत आहे. हल्ली आपण फोटो ढिगाने काढतो, पण ते बघतो कधी? घरचे अल्बम मागे पडले, स्टुडिओत जाऊन प्रिंट काढणं लग्नकार्यापुरतं उरलं. फोनमध्ये बोटाने सरकवत सरकवत एखादा फोटो शोधायचा, समोरच्याला दाखवायचा आणि पुन्हा त्या ढिगात टाकून द्यायचा. आता २४ इंची मॉनिटर घ्या. त्याचा पडदा साधारण ५३ सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच असतो. स्टुडिओतून १२ बाय १८ इंचांचं एन्लार्जमेंट काढलं, तर ते उंचीला जवळजवळ एवढंच आणि रुंदीला तीन इंचांनी कमीच भरतं. एवढी एन्लार्जमेंट आपण आयुष्यात किती फोटोंची काढतो? इथे ते फुकट मिळतं आणि कामाच्या टेबलावर दिवसभर समोर असतं. ज्या भिंतीकडे तोंड करून आपण सर्वांत जास्त वेळ बसतो, ती आता ही आहे. मग तिच्यावर परक्या देशातला डोंगर कशाला?

शंकेखोर: एन्लार्जमेंट मोठं मिळतं, पण अख्खं मिळत नाही. बहुतेक फोनचा फोटो ४:३ या प्रमाणात येतो आणि पडदा असतो १६:९चा. विंडोजमध्ये ‘फिल’ निवडलंत की फोटो पडद्याची रुंदी भरेपर्यंत वाढतो आणि उंचीतला बरोबर चौथा हिस्सा पडद्याबाहेर जातो. फोन उभा धरून काढलेला फोटो असेल, तर जेमतेम ४२ टक्के उरतो. आता आपल्याकडचा घरगुती ग्रुप फोटो आठवा. मधे खुर्च्यांवर वडीलधारी, मागे उभी मंडळी, पुढे सतरंजीवर पोरंटोरं. काट बसते ती वरून आणि खालून. मागच्या रांगेतल्या उंच काकांचं कपाळ जातं, सतरंजीवरची पोरं जातात आणि खुर्चीवाले तेवढे शाबूत राहतात. नऊवारीतल्या आजीचा उभा फोटो लावायचा, तर चेहरा आणि पावलं यांतलं एक निवडा. घरची माणसं समोर हवीत म्हणता आणि पहिल्याच पायरीवर त्यांतली काही बाहेर काढता.

हौशी: गणित बरोबर आहे, पण फोटोचा चौथा हिस्सा म्हणजे माणसांचा चौथा हिस्सा नव्हे. घाईत काढलेल्या फोटोत डोक्यावर हातभर छत असतं आणि पायांखाली तेवढीच फरशी. ते गेलं तर बिघडलं काय? चूक होते ती कापण्यात नाही, कापायचं काम यंत्रावर सोपवण्यात. ‘फिल’ तुम्हाला विचारत नाही की काका वाचवू की पोरं. म्हणून वॉलपेपर लावण्याआधी फोटो स्वतःच्या हाताने क्रॉप करावा. चौकटीचं प्रमाण १६:९ असं बांधून ठेवायचं आणि चौकट वरखाली सरकवून बघायची. १२ मेगापिक्सेलच्या फोटोत ४०३२ बाय ३०२४ ठिपके असतात. क्रॉप केल्यावर ४०३२ बाय २२६८ उरतात, म्हणजे फोरके मॉनिटरला लागणाऱ्या ३८४० बाय २१६०पेक्षा जास्तच. फोटो फुटायची भीती नाही. आणि क्रॉप करणं हे काही पाप नाही. आल्बेर्तो कोर्दाने मार्च १९६०मध्ये हवानात टिपलेला चे गव्हेराचा फोटो बघा. मूळ फोटो आडवा होता. एका कडेला दुसऱ्या माणसाचा चेहरा, दुसऱ्या कडेला ताडाच्या झावळ्या. दोन्ही कापल्या आणि जो उभा तुकडा राहिला, तो जगभरच्या टी-शर्टांवर गेला.

शंकेखोर: हेच उदाहरण माझ्याही कामाचं आहे. तो फोटो एका जहाजावरच्या स्फोटात मेलेल्यांच्या शोकसभेतला. कडा कापल्यावर सभा गेली, शेजारचा माणूस गेला, हवा गेली, झाडही गेलं. उरलं एक चिन्ह. पोस्टरला ते हवंच असतं. मला माझ्या आजीचं पोस्टर नको आहे. घरच्या फोटोची खरी कमाई बरेचदा कडेलाच असते. भिंतीवरचं कालनिर्णय, त्यावरून महिना कळतो. फळीवरचे पितळेचे डबे, जे पुढे मोडीत गेले. दारात अर्धवट दिसणारी मोलकरीण, जिचा दुसरा एकही फोटो घरात नाही. फोटो काढताना तुम्ही या गोष्टींकडे पाहिलं नव्हतं, म्हणून त्या खऱ्या. वीस वर्षांनी फोटो हातात आला की नजर चेहऱ्यावरून घसरून तिथेच जाते. आणि तुम्ही ज्याला हातभर छत म्हणता, ते कदाचित पाडलेल्या वाड्याचं छत असतं. कार्तिए-ब्रेसाँ आपला फोटो कोणी कापू नये म्हणून हट्ट धरायचा, तो उगाच नाही.

हौशी: त्याच कार्तिए-ब्रेसाँचा पॅरिसमधल्या सँ-लाझार स्टेशनामागचा, पाण्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा १९३२चा फोटो क्रॉप केलेला आहे. कुंपणाच्या फळ्यांमधून कॅमेरा घालून त्याने तो टिपला. भिंग पुरतं आत जात नव्हतं, म्हणून एका बाजूला अडथळा आला आणि तो कापावा लागला. नियम करणाऱ्यालाही नियम मोडावा लागला, कारण फोटो नियमापेक्षा मोठा होता. शिवाय तुमच्या मोलकरणीला अर्धं कापलं ते मी नव्हे, फोटो काढणाऱ्याने. बटण दाबताना जग कापलेलंच असतं. मी दुसऱ्यांदा कापतो, एवढंच.

शंकेखोर: त्याने कापलं ते दिसण्यातला अडथळा दूर व्हावा म्हणून. आपण कापतो ते कारखान्यातून काच या मापाची आली म्हणून. हे माप आलं कुठून बघा. एडिसनच्या प्रयोगशाळेत विल्यम डिक्सनने ३५ मिलिमीटर फिल्मवर ४:३ची चौकट बसवली. फाळक्यांचा १९१३चा ‘राजा हरिश्चंद्र’ त्याच चौकटीतला. टीव्हीने तेच प्रमाण उचललं. मग टीव्हीकडे वळलेला प्रेक्षक परत आणायला हॉलिवूडने १९५३मध्ये सिनेमास्कोप काढून पडदा ताणला. आपल्याकडे १९५९च्या ‘कागज़ के फूल’मध्ये तो आला. पुढे १९८०च्या दशकात केर्न्स पॉवर्स या अमेरिकन अभियंत्याने चालू असलेल्या सगळ्या मापांचे सारख्या क्षेत्रफळाचे आयत एकावर एक ठेवून पाहिले. ते सगळे ज्यात मावतील ती बाहेरची चौकट आणि सगळ्यांना समान असलेला आतला भाग, दोन्ही १६:९च्या आसपास आले. म्हणजे १६:९ ही तडजोड आहे, कोणत्याच चित्राचं मूळ माप नाही. आणि २००८च्या सुमाराला कॉम्प्युटरचे मॉनिटर १६:१० सोडून या मापावर गेले, त्यामागे एक मोठं कारण होतं: टीव्ही आणि मॉनिटर यांच्या काचा एकाच हिशेबात कापता आल्या. त्यात पैसे वाचले. ह्या वाचलेल्या पैशांसाठी मी काकांचं कपाळ का द्यावं?

हौशी: इतिहास काढायचा तर पुरता काढू. तुम्ही ज्याला फोटोचं मूळ माप समजता, तेही असंच आलेलं आहे. ऑस्कर बारनॅकने सिनेमाचीच फिल्म घेतली, ती कॅमेऱ्यात आडवी सरकवली आणि सिनेमाच्या १८ बाय २४ मिलिमीटरच्या दोन चौकटींची मिळून ३६ बाय २४ची एक चौकट केली. १९२५मध्ये लायका बाजारात आला आणि ३:२ हे फोटोचं माप होऊन बसलं. ४:३ आणि ३:२ दोन्ही एकाच फिल्मच्या पोटातून निघाले, दोन्ही व्यापाराने रुजवले. आपल्या लॅबमधला ४ बाय ६चा कागद ३:२चा. डिजिटल कॅमेरे आले तेव्हा छोट्या कॅमेऱ्यांचे फोटो ४:३चे असायचे. ते या कागदावर काठोकाठ छापताना नववा हिस्सा उडायचा आणि कितीतरी डोकी तासली जायची. तेव्हा कोणी शोक केला नाही. आणि लग्नाचा करिश्मा अल्बम? १२ बाय ३६ इंचांचा पानजोड, ३:१. आजच्या बहुतेक अल्ट्रावाइड मॉनिटरांपेक्षाही लांब. त्यावर आपण मुंडावळ्या बांधलेले नवरा-नवरी हौसेने आडवे पसरले. आडव्या पडद्याची आपल्याला काही अॅलर्जी नाही.

शंकेखोर: करिश्मा अल्बम उघडून बघा. एका पानावर नवरी तीनदा असते, मागे तिचाच चेहरा फिकट करून पसरलेला, कोपऱ्यात गुलाबाच्या पाकळ्या, मधे कुठला तरी धबधबा. हे सगळं का? तर कागद लांब आहे आणि तो भरायचा आहे. पाहुण्याला बसायला पाट द्यायचा असतो. इथे पाटाच्या मापाचा पाहुणा घडवतात. मॉनिटरवरही तेच. विंडोज एक्सपीच्या काळात मधे ठेवा, फरशीसारखं जोडत न्या किंवा ताणा, एवढेच पर्याय होते. ४:३चा फोटो १६:९वर ताणला की प्रत्येक माणूस एक-तृतीयांशाने रुंद होतो, कपाळावरची गोल टिकली लंबगोल होते. विंडोज ७ने २००९मध्ये ‘फिल’ आणि ‘फिट’ दिले, तेव्हापासून ताणणं कमी झालं. पण कापणं वाढलं, आणि ते लक्षातही येत नाही. ताणलेला फोटो निदान बघताक्षणी खोटा दिसतो. कापलेला फोटो पुरा असल्यासारखा दिसतो.

हौशी: मग ‘फिट’ घ्या ना. फोटो अख्खा राहतो, दोन्ही बाजूंना पडद्याचा आठवा-आठवा हिस्सा मोकळा राहतो. लोकांना ते काळे पट्टे खटकतात, कारण ते काळे असतात. फ्रेमवाल्याकडे जाऊन बघा. फोटोभोवती तो तीन बोटं माउंट सोडतो आणि कोणी म्हणत नाही की फ्रेम रिकामी राहिली. तसाच माउंट इथे करायचा. पार्श्वभूमीचा रंग फोटोतूनच उचलायचा, घराच्या जुन्या चुन्याचा किंवा साडीच्या काठाचा, जरा मळका करून. उभ्या फोटोंचीही सोय आहे. १९२० बाय १०८०च्या पडद्यावर ३:४चा उभा फोटो पूर्ण उंचीचा केला तर ८१० ठिपके रुंद होतो. दोन शेजारी लावले की १६२०. डावीकडे ३०० ठिपक्यांची पट्टी उरते, त्यात विंडोजचे आयकॉन बसतात आणि कोणाच्या चेहऱ्यावर फोल्डर येत नाही. खाली टास्कबारची ४०-४८ ठिपक्यांची पट्टी जाते, तेवढी फोटोच्या तळाशी धरून चालायची. ९:१६चे उभे फोटो असतील तर तीन शेजारी शेजारी जवळजवळ पडदा भरतात, फटींपुरती जागा सोडून. जुन्या घरात दाराच्या वर आजोबा-आजी शेजारी शेजारी, जरा पुढे झुकवून टांगलेले असायचे. पडदा आडवा झाला म्हणूनच तर ही जोडी त्यावर मावते.

शंकेखोर: माउंट मान्य. त्यावर माझा आक्षेप नाही, आणि कापाकापीवाल्या बहुतेकांनी इथेच थांबावं. पण माणूस इथे थांबत नाही, कारण रिकामी जागा त्याला बघवत नाही. बातम्यांच्या चॅनेलांवर उभा व्हिडिओ आला की दोन्ही बाजूंना त्याचीच धूसर प्रत पसरतात, ती याच अस्वस्थतेपायी. आता तर अस्वस्थतेला यंत्राची साथ आहे. २००७मध्ये शाय अविदान आणि एरिअल शमीर यांनी चित्रातली ‘बिनमहत्त्वाची’ शिवण शोधून ती काढायची किंवा वाढवायची रीत मांडली. पुढच्याच वर्षी तशी सोय फोटोशॉपमध्ये आली. २०२३पासून फोटोशॉपचं जनरेटिव्ह फिल चौकटीबाहेरचं चित्र रचून देतं. ४:३चा फोटो द्या, १६:९चा घ्या. ना काट, ना पट्टा, ना ताण. वाड्याची भिंत दोन्हीकडे लांबते आणि तिच्यात एक खिडकी येते. ती खिडकी कधी नव्हती. तुम्हाला ते माहीत आहे, नातवाला नसेल.

हौशी: फोटोतली कल्पित जागा आजची नाही. जुन्या स्टुडिओत रंगवलेला पडदा असायचा, कठडा, जिना, कारंजं, मागे तळं. आपले पणजोबा फेटा बांधून त्या कारंज्याशेजारी उभे आहेत आणि आपण तो फोटो खोटा म्हणून फेकलेला नाही. काळ्यापांढऱ्या फोटोवर हाताने रंग भरायचे, निगेटिव्हवर पेन्सिलने सुरकुत्या पुसायचे, तो चांगला मानाचा धंदा होता. मी तर खिडकीसुद्धा मागत नाही. आकाश दोन्हीकडे थोडं वाढव, कोरी भिंत वाढव, समुद्राची वाळू वाढव, एवढंच. आणि मूळ फाइल हात न लावता वेगळी ठेवायची. वॉलपेपर ही प्रत आहे, दस्तऐवज नव्हे.

शंकेखोर: रंगवलेला पडदा स्वतःहून कबुली देतो. त्याची घडी दिसते, खालची कड जमिनीला टेकलेली दिसते, पणजोबांची सावली कारंज्यावर पडते. बघणाऱ्याला करार कळतो. यंत्राने वाढवलेल्या भिंतीला घडी नसते. आणि प्रत व दस्तऐवज ही वाटणी कागदावर ठीक आहे. रोज समोर असते ती प्रत, ड्राइव्हच्या तळाशी पडून असतं ते मूळ. काही वर्षांनी आठवणीत राहतो तो रोजचाच फोटो. पण माझा याहून मोठा आक्षेप वेगळाच आहे. ही सगळी खटपट ज्यासाठी, ते बघणं घडतं का? वॉलपेपरवर सकाळपासून एक्सेल पसरलेलं असतं, त्यावर ब्राउझर, त्यावर मेल. डोळ्याला खरं तीक्ष्ण दिसतं ते मध्यावरच्या दोनेक अंशांत, आणि ते दोन अंश दिवसभर आकड्यांवर असतात. मग फोटो उघडा कधी पडतो? मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर करताना. म्हणजे तुमची मुलगी तुम्हाला दिसत नाही आणि अनोळखी ग्राहकांना दिसते.

हौशी: मीटिंगपुरतं मान्य. ऑफिसच्या मशीनवर घरची माणसं लावताना विचार करावा. पण दिसत नाही म्हणून उपयोग नाही, हे पटत नाही. भिंतीवरचे आजोबा तरी रोज कोण बघतं? तिथीला फोटो खाली उतरतो, पुसला जातो, हार बदलतो. एरवी ते नुसते असतात. फोटो काढून घेतला तर मात्र भिंतीवरची पांढरी चौकट लगेच जाणवते. काही गोष्टी बघायला नसतात, हजर राहायला असतात. पुण्याच्या फ्लॅटमध्ये बसून काम करणाऱ्याच्या पडद्यामागे कोकणातलं अंगण असणं हे तसंच आहे. सगळ्या खिडक्या एका फटक्यात बाजूला सारल्या की ते तिथे असतं. नजर मरते म्हणाल, तर रोज फोटो बदलणारा स्लाइडशो लावा.

शंकेखोर: स्लाइडशो लावलात की बसवायची एकच रीत सगळ्यांना लागते. उभे-आडवे, ग्रुप आणि देखावे एकाच मापाने कापले जातात. हाताने क्रॉप करण्याचं तुमचं सगळं म्हणणं तिथे गळून पडतं. त्यापेक्षा मी एक वाटणी सुचवतो. देखाव्यांना ‘फिल’, माणसांना ‘फिट’. सह्याद्रीची रांग, कोकणचा किनारा, दिवे घाटात वळणावळणाने चढणारी वारी, हे मुळातच आडवे विषय. वरून आकाश गेलं तरी रांग राहते. याउलट कोकणकड्याचा जीव खोलीत आहे. तो १६:९मध्ये कापला तर नुसती दगडी भिंत उरेल, म्हणून देखावा असला तरी त्याला ‘फिट’ द्या. म्हणजे फोटो काय सांगतो हे आधी विचारायचं आणि मग बटण दाबायचं.

हौशी: वाटणी वाजवी आहे, पण तिचा शेवट कुठे होतो बघा. हळूहळू पडद्यावर देखावेच राहतील, कारण ते विनातक्रार बसतात. म्हणजे कंपनीने दिलं होतं तिथेच आपण परत. विंडोज एक्सपीची ती हिरवी टेकडी आणि निळं आकाश आठवा. चार्ल्स ओरिअरने १९९६मध्ये कॅलिफोर्नियात मोठ्या फिल्मवर तो फोटो काढला. तो वॉलपेपर म्हणून का चालला? त्यात कोणी नाही. कुठूनही कापा, टेकडी टेकडीच राहते. त्यावर आयकॉन कुठेही पडोत, कोणाचा डोळा झाकला जात नाही. चांगल्या वॉलपेपरमधून काहीही गेलं तरी चालतं. घरच्या फोटोत नेमकं ते चालत नाही. हे तुम्हीच मला पटवलंत, पण मी त्यातून उलटा निष्कर्ष काढतो. घरच्या फोटोची अडचण होते, म्हणूनच तो तिथे असावा. दर वेळी मला ठरवावं लागतं की कोण आत आणि कोण बाहेर. फोनमधल्या ढिगात हा प्रश्न कधी उभाच राहत नाही.

शंकेखोर: आणि पुढची पायरी? तुम्ही फोटो काढतानाच पडद्याचा विचार करू लागाल. फोन आडवा धरा, डावीकडे आयकॉनसाठी जागा सोडा, आजी तुम्ही जरा उजवीकडे सरका. फोनमध्येच १६:९ निवडाल, जे बहुतेक फोनांत ४:३च्या फोटोची वरखाली केलेली काटच असते, फक्त आधीच केलेली आणि परत न मिळणारी. शिवाय उद्या ६४:२७चा अल्ट्रावाइड घ्याल. त्याच्यावर ४:३च्या फोटोतलं ५६ टक्के उरतं. आजची चौकट साधायला बसवलेली माणसं उद्याच्या चौकटीत पुन्हा अडतील.

हौशी: म्हणून काढताना ४:३ अख्खा काढायचा आणि निर्णय पडद्यापाशी घ्यायचा, एवढं मी तुमच्याकडून घेतो. आजीला मात्र उजवीकडे सरकवेन. स्टुडिओवाला हनुवटी धरून मान फिरवायचा, तेव्हा कोणी हरकत घेतली नव्हती.

शंकेखोर: तो मान फिरवायचा ती चेहरा चांगला यावा म्हणून. तुम्ही सरकवता ते रिसायकल बिनला जागा व्हावी म्हणून. तुमच्या माउंटला, जोडफोटोंना, हाताने केलेल्या क्रॉपला माझी हरकत उरलेली नाही. मूळ फोटो अख्खा ठेवणार, हेही ऐकलं. राहिलं एकच. तो अख्खा फोटो, ज्यात काकांचं कपाळ आहे, सतरंजीवरची पोरं आहेत आणि दारातली ती मोलकरीण आहे, तो कोण, कुठे आणि कधी उघडून बघणार? त्याचं उत्तर तुमच्या मॉनिटरकडे नाही.

हौशी: नाही. पण ते तुमच्या अल्बमकडेही आता उरलेलं नाही. माझ्याकडे निदान पाऊण फोटो रोज समोर आहे.

शंकेखोर: पाऊण फोटो समोर असला की राहिलेला पाव शोधावासा वाटतो, की तो नव्हताच असं वाटू लागतं, यावर आपलं एकमत होईल असं मला दिसत नाही.